साठीनंतरची बोलणी

जोडीदार गेल्यावर किंवा घटस्फोटानंतर, साठीच्या अलीकडे-पलीकडे, पुन्हा कुणाची तरी सोबत हवीशी वाटली तर त्यात वावगं काही नाही. मुलं आपापल्या संसारात असतात, घर चालतं, पेन्शन जमा होते, आणि तरी दिवेलागणीपासून झोपेपर्यंतचा वेळ अंगावर येतो. दिवसभरात काय घडलं ते सांगायला माणूस नसतं. ज्यांना हे ठाऊक आहे त्यांच्यासाठी हा लेख आहे. त्यांच्या मुलांनीही तो वाचावा.

पंचविशीत तुमच्या लग्नाची बोलणी घरच्यांनी केली. आईवडील, मामा, काका बैठकीला बसले. मानपान, देणंघेणं, मुलीची नोकरी, धाकट्या दिराचं शिक्षण, सगळं तिथेच निघालं. याद्या झाल्या, दोन्हीकडच्या सह्या झाल्या, आणि तुम्ही बोहल्यावर उभे राहिलात. आता घरातले वडीलधारे तुम्हीच आहात, तेव्हा बोलणीही तुम्हालाच करायची आहेत. उतारवयातली नाती मोडताना मी पाहिली आहेत. तिथे प्रेम आटलेलं क्वचितच होतं. घर कुणाचं, पैसा कुणाचा, आजारपणात कोण बघणार आणि मुलांना काय सांगायचं, हे कुणी उघड बोललंच नव्हतं. दोघंही समंजस होते, म्हणून दोघंही गप्प राहिले.

त्याआधी थोडं थांबण्याविषयी. जोडीदाराच्या निधनानंतर वर्षश्राद्ध होईपर्यंत मोठे निर्णय घेऊ नका. घर विकू नका, मुलाकडे कायमचं राहायला जाऊ नका, आणि नव्या माणसाला शब्दही देऊ नका. पहिले गणपती, पहिली दिवाळी, लग्नाचा वाढदिवस हे एकदा एकट्याने पार पडलं की आपल्याला नेमकं काय कमी पडतंय ते दिसू लागतं. ज्यांनी वर्षानुवर्षं अंथरुणाला खिळलेल्या जोडीदाराची सेवा केली, त्यांचं थोडं वेगळं असतं. त्यांचं बरंचसं रडणं आधीच होऊन गेलेलं असतं. ती माणसं सहा महिन्यांत सावरली तर नातेवाइकांनी त्यांना बोल लावू नये.

काय कमी पडतंय, याचं उत्तर स्वतःशी प्रामाणिकपणे द्या. पुरुषांना इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. वेळेवर गरम पोळी, कपड्यांच्या घड्या आणि रात्रीच्या गोळ्यांची आठवण एवढंच हवं असेल, तर पोळ्यांना बाई लावा किंवा डबा लावा. त्यासाठी लग्न करू नका. ज्या बाईने तीस-पस्तीस वर्षं सासू-सासऱ्यांचं केलं, नवऱ्याचं पथ्यपाणी सांभाळलं, तिला आता दुसऱ्या घरातली तीच पाळी नको असते. तिला बरोबर नाटकाला येणारा, चालायला येणारा, तिचं बोलणं मधेच न तोडणारा माणूस हवा असतो. कुकर लावता येत नसेल तर तो आधी शिका आणि मग नाव नोंदवा.

बायकांनीही आपली गरज लपवू नये. डोक्यावर छप्पर हवं, महिन्याचा खर्च भागायला हवा, म्हणून सोबत शोधणाऱ्या स्त्रिया पुष्कळ आहेत आणि त्यात कमीपणा काही नाही. फक्त ते पहिल्या दोन-तीन भेटींतच सांगा, म्हणजे समोरचा माणूस ते कागदावर द्यायला तयार आहे की नुसतं तोंडी, हे कळेल.

माणूस भेटणार कुठे? पूर्वी या प्रश्नाला उत्तर नव्हतं, आता आहे. पुण्यात माधव दामले यांनी ज्येष्ठांच्या सहजीवनासाठी ‘हॅप्पी सीनियर्स’ ही संस्था काढली. अहमदाबादच्या नटुभाई पटेल यांच्या ‘अनुबंध फाउंडेशन’ने ज्येष्ठांचे परिचय मेळावे भरवले आहेत. शिवाय गावोगावी ज्येष्ठ नागरिक संघ आहेत, सहली आहेत, भजनी मंडळं आहेत, हास्यक्लब आहेत. माझं मत विचाराल तर आधी ओळख आणि मग विषय हा क्रम बरा. एकाच सहलीत चार दिवस एकत्र काढले की माणूस उशीर झाल्यावर कसा वागतो, ड्रायव्हरशी कसं बोलतो, चहा गार आला तर काय करतो, हे बायोडेटापेक्षा जास्त कळतं.

मोबाइलवरून ओळख झाली असेल तर एक नियम कडक पाळा. प्रत्यक्ष भेट, घर आणि नातेवाईक पाहिल्याशिवाय एक रुपयाही द्यायचा नाही. परदेशातला डॉक्टर, कस्टममध्ये अडकलेली भेटवस्तू, अचानक आलेलं ऑपरेशन या गोष्टींमागे बहुतेक वेळा टोळी असते. फसगत झालीच तर लाजून गप्प बसू नका. १९३० या सायबर हेल्पलाइनवर ताबडतोब फोन करा, कारण पहिल्या काही तासांत तक्रार झाली तर पैसे मधेच गोठवता येण्याची शक्यता असते. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही वेगळी हेल्पलाइनही आहे.

आता मुलांकडे येऊ. सगळ्यात जास्त वेळ इथेच द्या. मुलांना ही बातमी शेजाऱ्यांकडून किंवा व्हॉट्सअॅपवरच्या फोटोतून कळता कामा नये. सगळं ठरवून झाल्यावर कळवणंही तितकंच वाईट. मन वळायला लागलं की लगेच, आणि शक्य असेल तर समोरासमोर सांगा. मुलगा न्यू जर्सीत असेल तर व्हिडिओ कॉल करा, पण सून-नातवंडं भोवती नाचत असताना करू नका. आधी सांगून, त्याच्या एकट्याची अर्ध्या तासाची वेळ मागून घ्या.

बोलायची सुरुवात अवघड जाते. एका निवृत्त शिक्षिकेने आपल्या मुलीला ज्या शब्दांत सांगितलं ते मला फार सरळ वाटलं. ती म्हणाली, “अगं, तुझ्या बाबांशी माझा संसार चांगला झाला, म्हणूनच मला पुन्हा कुणाबरोबर राहावंसं वाटतं. एक गृहस्थ आहेत. अजून काही ठरलेलं नाही. तुझं मन दुखवून मला काही करायचं नाही, पण तुझी परवानगी मागायलाही मी आलेली नाही. तू त्यांना एकदा भेट.” मुलगी पहिल्यांदा म्हणाली ते ठरलेलंच होतं, “आई, या वयात?” आईने वाद घातला नाही. तिने विषय तिथेच ठेवला आणि आठ दिवसांनी पुन्हा काढला. या आठ दिवसांत मुलीने भावाला फोन केला, नवऱ्याशी बोलली, एकदा रडली. मग तिने स्वतःच विचारलं, “ते काका कुठे राहतात?”

मुलांच्या विरोधामागे पैशाचा लोभ असतो असं सरसकट म्हणणं अन्यायाचं आहे. पुष्कळदा ती भीती असते की बाबांची जागा जाईल, आईच्या वस्तूंना परका हात लागेल. म्हणून नवा माणूस घरात येण्याआधी मुलीला किंवा सुनेला बोलावून जुनं कपाट एकत्र बसून आवरा. आईच्या पाटल्या कुणाला, तोडे कुणाला, पैठणी कोण नेणार, ते तेव्हाच ठरवा आणि हातात द्या. बाबांचं घड्याळ, त्यांची टाळ-चिपळी, त्यांची पुस्तकं मुलाला न्यायला सांगा. दोन-तीन दुपारी जातात, रडारड होते, पण पुढची कित्येक वर्षांची कुरबुर टळते. हार घातलेल्या फोटोचंही असंच. तो भिंतीवरून काढायचा की ठेवायचा, हे येणाऱ्या माणसाला विचारून ठरवा. बहुतेक समजूतदार माणसं म्हणतात, “असू दे तिथेच.” पण निजायच्या खोलीत मात्र तो नको.

नव्या व्यक्तीला ‘आई’ किंवा ‘बाबा’ म्हणा असा आग्रह चाळिशीच्या मुलांना करू नका. मावशी, काका, काकू ही हाक पुरते. नातवंडं आपणहून आजी-आजोबा म्हणू लागतात. त्यांना हे सगळं मोठ्यांपेक्षा सोपं जातं.

मुलांनो, तुम्हालाही सांगणं आहे. “तुला काय कमी आहे इथे?” हा प्रश्न आईला विचारू नका. तुमच्या घरात तिला काही कमी नसेल, पण तिथे ती तुमची आई असते, नातवंडांची आजी असते, आणि एवढंच असते. चौकशी जरूर करा. समोरच्याचं कर्ज, आजार, आधीच्या घटस्फोटाचे कागद बघा. तो तुमचा हक्कच आहे. निर्णय मात्र तिचा आहे.

लोक काय म्हणतील, हा प्रश्न बायकांना जास्त छळतो. १८५६ सालीच विधवेच्या पुनर्विवाहाला कायद्याने मान्यता मिळाली. १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांनी शारदा सदनात शिकलेल्या विधवा गोदूबाईंशी लग्न केलं तेव्हा त्यांच्या गावच्या, मुरुडच्या लोकांनी त्यांना वाळीत टाकलं होतं. आणि कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीला कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं बंद करण्याचा ठराव करावा लागला तो २०२२ साली. म्हणजे कायदा आणि गल्ली यांच्यात अजून बरंच अंतर आहे. त्याला माझ्याकडे एकच उपाय आहे. लपवून काही करू नका. देवदर्शनाच्या नावाखाली भेटत राहिलात तर कुजबूज वाढते. चार जवळच्या घरांत स्वतः जाऊन सांगितलंत, पेढे ठेवलेत, तर कुजबुजीला फारसं काही उरत नाही.

यापुढचा भाग पैशाचा आहे. तो सावकाश वाचा, कारण इथे चूक झाली तर ती तुमच्यामागे तुमची मुलं आणि तुमचा जोडीदार यांना कोर्टात समोरासमोर उभं करते.

हिंदू उत्तराधिकार कायदा १९५६ नुसार पुरुष मृत्युपत्र न करता गेला तर त्याची स्वकष्टार्जित मालमत्ता पत्नी, मुलगे, मुली आणि हयात असेल तर आई यांच्यात सारखी वाटली जाते. दुसरी पत्नी रीतसर लग्नाची असेल तर तिलाही प्रत्येक मुलाइतकाच वाटा मिळतो. दोन मुलं आणि ती, म्हणजे फ्लॅटचे तीन भाग. मुलांना हे बहुधा ठाऊक नसतं आणि कळतं तेव्हा धक्का बसतो. स्त्रीच्या बाबतीत तर आणखी मोठा खड्डा आहे. पहिल्या पतीकडून वारसाने आलेलं घर पुनर्विवाहामुळे तिच्या हातून जात नाही, हे चांगलंच आहे. पण ती मृत्युपत्र न करता गेली तर तेच घर तिच्या मुलांमध्ये आणि दुसऱ्या पतीमध्ये वाटलं जातं. ज्या घराचे हप्ते मुलांच्या वडिलांनी फेडले, त्यात दुसऱ्या पतीचा वाटा आपोआप येतो. उलट, तुमची स्वतःची मुलं असताना सावत्र मुलांना मात्र आपोआप काही मिळत नाही, मग त्यांनी तुमची कितीही सेवा केलेली असो.

म्हणून आधी मृत्युपत्र, मग मुहूर्त. दोघांनीही करायचं. मृत्युपत्राला मुद्रांक शुल्क लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही, पण उतारवयात ती करून घ्यावी. दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. ज्यांना मृत्युपत्रातून काही मिळणार आहे त्यांना साक्षीदार करू नका. मानसिक स्थिती ठीक असल्याचं डॉक्टरांचं पत्र जोडलेलं बरं. घराच्या बाबतीत पुष्कळांना पटणारा मार्ग असा: मालकी मुलांना, आणि जोडीदाराला हयात असेपर्यंत त्या घरात राहण्याचा हक्क. त्याची शब्दरचना मात्र वकिलाकडूनच करून घ्या. हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम १४ मुळे पत्नीला पोटगीच्या हक्कापोटी दिलेला मर्यादित हक्क पूर्ण मालकीत बदलू शकतो, आणि नेमक्या कोणत्या शब्दांनी तो बदलतो यावर मोठे खटले झाले आहेत. घराबरोबर रोजच्या खर्चाचाही विचार करा. जोडीदाराच्या नावे एखादी ठेव, किंवा ‘दोघांपैकी कुणीही किंवा हयात असलेली व्यक्ती’ अशा पद्धतीचं जॉइंट खातं ठेवलं, तर पहिल्या महिन्यात हात पसरायची वेळ येत नाही. आणि नॉमिनी म्हणजे वारस, हा समज काढून टाका. बँकेतला नॉमिनी पैसे स्वीकारतो, पण ते कुणाचे हे मृत्युपत्र किंवा वारसाहक्क ठरवतो. ख्रिस्ती आणि पारशी वाचकांनी लक्षात ठेवावं की लग्नामुळे त्यांचं आधीचं मृत्युपत्र रद्द होतं, त्यामुळे लग्नानंतर नवं करावं लागतं. गोव्यात तर विवाह, मालमत्ता आणि वारसा यांचा कायदाच पोर्तुगीज काळापासून वेगळा आहे, तिथे स्थानिक वकिलाला विचारल्याशिवाय पाऊल टाकू नका.

दुसरा प्रश्न पेन्शनचा, आणि लग्न करायचं की नुसतं एकत्र राहायचं हे पुष्कळ ठिकाणी यावरच ठरतं. स्वतःच्या नोकरीची पेन्शन पुनर्विवाहामुळे थांबत नाही. पण दिवंगत पतीच्या नोकरीमुळे मिळणारं कुटुंब निवृत्तिवेतन साधारणपणे पुनर्विवाहानंतर बंद होतं. ईपीएफच्या पेन्शनला हे लागू आहे, महाराष्ट्रातल्या राज्य सरकारी कर्मचाऱ्यांच्या पत्नींना मात्र पुनर्विवाहानंतरही ते चालू ठेवण्याची तरतूद आहे. केंद्र सरकारच्या नियमांत निपुत्रिक विधवेसाठी उत्पन्नाच्या अटीवर सवलत आहे. उलट बाजूने, केंद्र सरकारच्या निवृत्त कर्मचाऱ्याने निवृत्तीनंतर लग्न केलं तरी त्या जोडीदाराला पुढे कुटुंब निवृत्तिवेतन मिळू शकतं, मात्र नाव कार्यालयात वेळीच नोंदवलेलं हवं. तेव्हा आधी आपल्या पेन्शन कार्यालयात जाऊन लेखी विचारा. देवळात हार घालून ते लपवायचं आणि पेन्शन चालू ठेवायची, हा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. हयातीच्या दाखल्याबरोबर पुनर्विवाह केला नसल्याचं लिहून द्यावं लागतं, आणि खोटं उघडकीला आलं की मागची सगळी रक्कम वसूल होते.

म्हणून काही जोडपी विवाह न करता एकत्र राहतात. दोन सज्ञान, अविवाहित, विधुर-विधवा किंवा घटस्फोटित माणसांनी असं राहण्यात गुन्हा काही नाही. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याचं संरक्षण विवाहासारख्या नात्यातल्या स्त्रीलाही मिळतं. पण वारसाहक्क मिळत नाही. त्यामुळे या मार्गाने जाणाऱ्यांना मृत्युपत्राची गरज दुप्पट आहे. तो गेल्यावर त्याची मुलं तिला आठ दिवसांत घराबाहेर जायला सांगू शकतात, आणि तिच्या हातात कागद नसेल तर तिची बाजू फार लंगडी पडते. तिसराही मार्ग आहे, आणि तो मला फार शहाणपणाचा वाटतो. दोघांनी आपापली घरं ठेवायची, एकाच वसाहतीत किंवा चालत जाण्याच्या अंतरावर. दुपारचं जेवण एकत्र, संध्याकाळ एकत्र, प्रवास एकत्र. ज्यांना आपलं स्वयंपाकघर, आपले देव आणि आपली झोपायची वेळ सोडवत नाही त्यांनी याचा जरूर विचार करावा.

शरीराबद्दलही बोला. यावर मराठीत मोकळेपणाने लिहिण्यासाठी र. धों. कर्वे यांनी १९२७ साली ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक सुरू केलं, आणि अजूनही साठीतली माणसं डॉक्टरांसमोर हा विषय काढताना दाराकडे बघतात. स्पर्श हवा आहे का, एका खोलीत निजायचं का, याचं उत्तर दोघांचं वेगळं असू शकतं आणि ते लग्नाआधी कळायला हवं. रजोनिवृत्तीनंतर कोरडेपणामुळे त्रास होतो, त्यावर साधे उपचार आहेत, स्त्रीरोगतज्ज्ञांना विचारा. पुरुषांनी मित्राने सांगितलेली गोळी दुकानातून आणून घेऊ नये. छातीतल्या दुखण्यावर नायट्रेटची औषधं चालू असतील तर सिल्डेनाफिलसारखी गोळी जिवावर बेतू शकते.

आजारपणाची बोलणी तर फाइल समोर ठेवूनच करा. साखर किती, स्टेंट आहे का, कुटुंबात विसरभोळेपणाचा आजार कुणाला होता, सगळं सांगा. मग विचारा: मी अंथरुणाला खिळलो तर तू काय करशील? या प्रश्नाला “मी सगळं करीन” हे उत्तर पुरेसं समजू नका. ती स्वतः पासष्टीची असेल, तिला तुम्हाला उचलता येणार नाही. रात्रीचा माणूस लावायचा तर पैसे कुणाच्या खात्यातून, रुग्णालयात निर्णय जोडीदाराने घ्यायचा की मुलाने, दोघांचं मत वेगळं पडलं तर कुणाचं ऐकायचं, हे मुलांच्या देखत ठरवा आणि एका कागदावर लिहा. दोघांच्या आरोग्य विम्याच्या जुन्या पॉलिसी बंद करून घाईने नवी घेऊ नका, जुन्या आजारांसाठीचा प्रतीक्षाकाळ पुन्हा सुरू होऊ शकतो. त्याच कागदावर अंत्यविधी कोण करणार, हेही लिहून ठेवा. विषय अवघड आहे, पण जोडीदार गेला त्या सकाळी दोन घरांतल्या मुलांनी दारात यावर हुज्जत घालणं त्याहून वाईट.

एवढं सगळं झालं की नोंदणीचं काम तसं सोपं आहे. विशेष विवाह कायदा १९५४ खाली लग्न करायचं तर दोघांपैकी एकाचं त्या जिल्ह्यात किमान ३० दिवस वास्तव्य हवं, आणि नोटीस दिल्यावर ३० दिवस थांबावं लागतं. पहिल्या जोडीदाराचा मृत्यूचा दाखला किंवा घटस्फोटाचा हुकूमनामा, वयाचे आणि पत्त्याचे पुरावे, फोटो इतके कागद लागतात. दाखल्यावरचं नाव आणि आधारवरचं नाव जुळतं का ते आधी पाहा, तिथेच पुष्कळांचे खेटे वाढतात. नोटिशीचा तो महिना मृत्युपत्राच्या नोंदणीसाठी आणि बँकेच्या कामांसाठी वापरा. आणि लग्नाच्या दिवशी तीन साक्षीदार लागतात, तर त्यांतला एक तुमच्या मुलांपैकी आणि एक समोरच्याच्या मुलांपैकी असेल असं बघा. त्यांना तारीख आधी विचारा, म्हणजे रजा काढता येईल.